लीझल कार्लश्टाट: जोडीतलं दुसरं नाव

सेम्मल म्हणजे छोटा गोल पाव. जर्मनीच्या बव्हेरिया प्रांतात शिळे सेम्मल दुधात भिजवतात, अंडं घालून मळतात, त्याचे लिंबाएवढे किंवा त्याहून मोठे गोळे वळतात आणि उकळत्या पाण्यात सोडतात. हे झाले सेम्मलक्नोडेल. आता एक माणूस हट्टाला पेटतो की हा शब्दच चुकीचा आहे. एका पावाचे कधी एवढे गोळे होतात का? पाव अनेक लागतात, म्हणून पावाचं अनेकवचन करा. गोळेही अनेक, म्हणून त्यांचंही करा. 'सेम्मलनक्नोडेलन' म्हणा! समोरची बाई त्याला शांतपणे सांगते की अहो, सगळं जग सेम्मलक्नोडेल म्हणतं. तो ऐकत नाही. ती पुन्हा समजावते. तो आणखी खोलात शिरतो. थोड्या वेळाने तिचीच जीभ वळेनाशी होते.

आपल्याकडे बटाटावडा म्हणणारे आणि बटाटेवडा म्हणणारे असे दोन पंथ आहेतच, तेव्हा या भांडणाची गंमत वेगळी सांगायला नको.

तो माणूस म्हणजे कार्ल फालेंटीन, बव्हेरियाची राजधानी म्युनिक इथला गाजलेला विदूषक. (नाव 'व्ही'ने लिहितात, पण उच्चार 'फ'नेच झाला पाहिजे असा त्याचा आग्रह असे. फाटरला, म्हणजे बापाला, कोणी 'वाटर' म्हणतं का?) आणि ती बाई म्हणजे लीझल कार्लश्टाट. फालेंटीनवर भरभरून लिहिलं गेलं. कार्लश्टाटबद्दल बराच काळ एवढंच म्हणत की ती त्याची जोडीदारीण होती, छान साथ द्यायची. 'साथ' या शब्दाखाली नेमकं काय काय दडलेलं होतं आणि त्याची किंमत तिने कशी चुकवली, हे या लेखात उलगडून पाहू.

दुकानातली पोरगी

तिचं खरं नाव एलिझाबेथ वेलानो. जन्म 12 डिसेंबर 1892, म्युनिक. बाप बेकरीत खपणारा, घरात मुलांची रांग, खायला जेमतेम. शाळा संपल्यावर ती कपड्यांच्या दुकानात आणि मग एका मोठ्या डिपार्टमेंट स्टोअरमध्ये विक्रेती म्हणून उभी राहिली. संध्याकाळी मात्र तिचे पाय गाण्या-विनोदाच्या कार्यक्रमांकडे वळायचे.

हे कार्यक्रम कसले, ते आधी समजून घ्यायला हवं. त्या काळच्या म्युनिकमध्ये 'फोल्क्ससेंगर' नावाची जमात होती. शब्दशः लोकगायक. पण लोकगीतं गाणारे कलावंत असं डोळ्यांपुढे आणू नका. बिअरच्या हॉलमध्ये, लोक खात-पीत-बोलत असताना, एका टोकाच्या छोट्या मंचावर गाणी, नकला, प्रहसनं करणारे हे लोक. भाषा अस्सल बव्हेरियन बोली. प्रेक्षक कामगार, कारकून, बाजारकरी. त्यांच्या हातातला मग्गा खाली ठेवायला लावणं हीच परीक्षा. नाटकाला गेलेला माणूस निदान तिकिटाच्या पैशांसाठी तरी गप्प बसतो. इथे तो गप्प बसायला आलेलाच नसतो.

1911 साली 'फ्रांकफुर्टर होफ' या ठिकाणी अठरा वर्षांची ही मुलगी सुब्रेट म्हणून काम करत होती. सुब्रेट म्हणजे नखरेल, चटपटीत, डोळे मोडत गाणारी तरुणी. तिथे फालेंटीनने तिला पाहिलं. तो एकोणतिशीचा, काडीसारखा लांबलचक, आधीच नावारूपाला आलेला. त्याचं मत असं की सुब्रेटला लागतो तो धीटपणा आणि तो बांधा हिच्याकडे नाही, पण विनोदाची जाण पक्की आहे. सुब्रेटचीच टर उडवणारा एक प्रकार त्याने तिला लिहून दिला, असं सांगतात. आधी तिला राग आला म्हणे. मग तिने तो केला आणि लोक हसले.

रंगमंचावरचं नावही त्यानेच शोधलं. कार्ल माक्सश्टाट नावाचा एक जुना विनोदी गायक फालेंटीनचं दैवत होता, त्याच्या नावावरून 'कार्लश्टाट' तयार झालं. 1913 च्या सुमारास ही जोडी एकत्र उभी राहू लागली आणि पुढचं जवळपास पाव शतक म्युनिकला ती दोन नावं एका दमात घ्यायची सवय लागली.

चेंडू आणि भिंत

आता मुद्द्याचं. दोघांच्या विनोदात प्रत्यक्ष काय घडायचं?

फालेंटीनचा विनोद शब्दावर उभा होता. तो शब्दाला धरून बसायचा, त्याचा अक्षरशः अर्थ घ्यायचा आणि तर्काने पुढे जात जात अशा जागी पोचायचा की जिथे जगच वेडं वाटू लागे. पण असा माणूस एकटा उभा केला तर तो नुसता चक्रम दिसतो. त्याचा चक्रमपणा हास्यास्पद आणि त्याच वेळी खरा वाटायचा असेल, तर समोर शहाणं जग उभं लागतं. ते जग म्हणजे कार्लश्टाट. चेंडू उसळायला भिंत लागते, पण भिंत पुठ्ठ्याची असून चालत नाही.

'ऑर्केस्ट्राची तालीम' हे त्यांचं गाजलेलं प्रहसन घ्या. यात ती वाद्यवृंदाचा संचालक. पुरुष, मिशीवाला, प्रतिष्ठेला जपणारा. तो वादक. संचालकाला तालीम सुरू करायची आहे आणि वादकाला काहीतरी सांगायचं आहे. काय, तर काल मी मित्राबरोबर रस्त्याने चाललो होतो, आम्ही एका सायकलवाल्याबद्दल बोलत होतो आणि बोलता बोलता खरंच एक सायकलवाला आला! केवढा योगायोग! संचालक म्हणतो, अहो, तो शहरातला भर वर्दळीचा रस्ता, तिथे मिनिटामिनिटाला सायकलवाला जातो, यात योगायोग कसला? वादक म्हणतो, हो, पण आम्ही बोलत होतो तेव्हाच आला ना!

इथे संचालकाचं म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे आणि तरी तो हरतो. हा पराभव कार्लश्टाटला दर प्रयोगात नव्याने करून दाखवावा लागे. आधी सौजन्य, मग समजूत, मग चिडणं आवरणं, मग आवरता न येणं. या पायऱ्यांतली एक जरी घाईत गेली तरी विनोद मरतो. हशे फालेंटीनला मिळायचे, मोजमाप तिच्या हातात असायचं.

आणि मोजमाप म्हणजे काही नुसती उपमा नव्हे. फालेंटीन ठरलेलं बोलेलच असं नसे. संवाद विसरे, मध्येच दुसरीकडे भरकटे, कधी सुचलं म्हणून अर्धा प्रवेश बदलून टाके. त्याला गाडीवर परत आणायचं काम ती भूमिकेतूनच करायची: मिशी लावून, संचालकाच्या आवाजात, पुढचं वाक्य त्याच्या कानावर पडेल अशा बेताने. मंचावर जे नवीन सुचलं ते नंतर कागदावर उतरवायचीही तीच. ही जोडी चारशेच्या आसपास प्रवेश-प्रहसनं करत असे, त्यांतली कितीतरी दोघांनी मिळून घडवली, काहींवर सहलेखिका म्हणून तिचं नावही आहे. छापील पुस्तकांच्या मुखपृष्ठावर मात्र एकच नाव ठळक राहिलं.

शिवाय फालेंटीन सोबत घेऊन वावरायला सोपा माणूस नव्हता. दम्याचा त्रास खरा आणि त्यावर आजारपणाच्या भीतीचे थर. प्रवासाची तर धास्तीच. बर्लिनहून बोलावणी येत, तिथे गाजतही, पण त्याला म्युनिकबाहेर काढणं हा एक स्वतंत्र उद्योग होता. हा उद्योगही तिच्याकडेच.

सोंग

स्त्रीने पुरुषाची भूमिका करणं त्या मंचांवर नवं नव्हतं. पण त्यात बहुतेकदा मेख अशी असायची की पँटमध्येही ती सुंदर दिसली पाहिजे. कार्लश्टाटने ती अट झुगारून दिली. ती पोट बांधायची, नाक बदलायची, म्हातारे, अधिकारी, टवाळ पोरं उभी करायची, आणि प्रेक्षकाला तिच्या आड दडलेली बाई आठवायची गरजच पडायची नाही. भूमिकेसाठी लागली ती वाद्यंही ती शिकली.

'डेर फिर्मलिंग' यूट्यूबवर मिळतो, जरूर पाहा. फिर्मलिंग म्हणजे कॅथलिक धर्मात दृढीकरणाचा संस्कार झालेला मुलगा. हा संस्कार झाला की मुलाला नवा सूट, जेवण, कौतुक. एक फाटका बाप पोराला घेऊन चांगल्याशा वाइनच्या ठिकाणी येतो. पोराच्या हातात मोठी मेणबत्ती. दोघांनाही अशा जागी कसं बसायचं ते ठाऊक नाही. बाप पीत जातो, टेबल-खुर्ची त्याचं ऐकेनाशी होतात, पोरगा आधी लाजतो, मग त्यालाही चढते. 1934 मध्ये हे चित्रित झालं तेव्हा तो पोरगा झालेली कार्लश्टाट एकेचाळीस वर्षांची होती. तिच्या पायांकडे लक्ष द्या. नव्या बुटांत कसं उभं राहावं ते न कळणाऱ्या मुलाचे पाय आहेत ते.

नाटककार बेर्टोल्ट ब्रेख्त तरुणपणी या जोडीचा भक्त होता. तिघांचा एकत्र फोटोही आहे, जत्रेतल्या वाजंत्र्यांच्या थाटात, ब्रेख्तच्या हातात क्लॅरिनेट. 1923 साली ब्रेख्त आणि एरिश एंगेल यांनी एका न्हाव्याच्या दुकानावर जो विक्षिप्त मूकपट केला, त्यात हे दोघेही होते. दिग्दर्शक माक्स ओफ्युल्सच्या 1932 च्या 'विकलेली वधू' या चित्रपटातही सर्कसवाल्यांच्या भूमिकांत दोघे भेटतात.

घर नसलेलं नातं

फालेंटीनचं लग्न झालेलं होतं, तेही 1911 मध्येच, म्हणजे लीझल भेटली त्याच वर्षी. बायको गिझेला, दोन मुली. लीझल त्याची मंचावरची जोडीदारीण होती आणि कित्येक वर्षं प्रेयसीही. म्युनिकमध्ये हे गुपित नव्हतं. तिने लग्न केलं नाही. ती बहिणीसोबत राहायची. दिवसभर तालीम, रात्री प्रयोग, मग तो त्याच्या घरी आणि ही तिच्या.

असल्या नात्यांवर निवाडे देणं सोपं असतं, मी त्या फंदात पडत नाही. पण हिशोब तर मांडता येतो. तिचं काम, तिचं प्रेम, तिची कमाई आणि तिचं नावसुद्धा, सगळं एकाच माणसात गुंतलेलं होतं. त्यातलं एक डळमळलं की बाकीचंही हलणार. मधल्या काळात ती इतर नाटकांतून स्वतंत्र भूमिका करू लागली, टीकाकारांनी तिचं कौतुक केलं, आणि फालेंटीनला ते फारसं मानवलं नाही.

मग आलं 'पानोप्टिकुम'. 1934 च्या शरदात फालेंटीनने म्युनिकमध्ये एक तळघरातलं संग्रहालय उघडलं. मेणाचे पुतळे, छळाच्या साधनांचं भयदालन आणि सोबत त्याचे खास विनोद. कल्पना भन्नाट, धंदा शून्य. लोक फिरकले नाहीत. त्यात त्याचे पैसे तर बुडालेच, पण लीझलने आयुष्यभर साठवलेली पुंजीही त्याच तळघरात गेली.

एप्रिल 1935 मध्ये तिने स्वतःचं आयुष्य संपवण्याचा प्रयत्न केला. ती वाचली आणि म्युनिकच्या मनोरुग्ण चिकित्सालयात दाखल झाली. निदान नैराश्याचं. पुढच्या वर्षांत तिला पुन्हा पुन्हा उपचार घ्यावे लागले.

इथे थोडं थांबायला हवं, कारण 1935 सालच्या जर्मनीत मनोरुग्ण असणं म्हणजे आजच्यासारखं नव्हतं. नात्सी राजवटीने जुलै 1933 मध्येच कायदा केला होता. काही आजार 'आनुवंशिक' ठरवून त्या रुग्णांची सक्तीने नसबंदी करणारा. 1939 पासून तर मनोरुग्ण आणि अपंग यांना पद्धतशीरपणे ठार मारायला सुरुवात झाली. नैराश्याने ग्रासलेल्या माणसाला मदत मागण्याचीच भीती वाटावी असा तो काळ. कार्लश्टाट त्यातून सुखरूप बाहेर आली आणि मंचावर परतली, हे त्या पार्श्वभूमीवर ठेवून पाहायला हवं.

त्याच राजवटीने 1936 मध्ये दोघांचा 'वारसा' हा छोटा चित्रपट अडवला. कारण काय, तर त्यात दारिद्र्य फार दिसतं. एका कफल्लक जोडप्याला वारशात फर्निचर मिळतं आणि ते निघतं बुटक्या माणसाच्या मापाचं, अशी ती गोष्ट. फालेंटीन-कार्लश्टाट काही राजकीय लढवय्ये नव्हते. पण उपाशी माणूस विनोदातसुद्धा उपाशी दिसतो आणि सरकारला तेवढंही खुपलं.

1939 मध्ये फालेंटीनने 'रिटरश्पेलुंके' नावाचं नवं ठिकाण सुरू केलं, तेव्हा त्याच्या शेजारी उभी होती अॅनेमारी फिशर. विशीच्या आसपासची, नवी जोडीदारीण.

खेचरवाला गुस्ताव्ह

यापुढची घटना कोणी नाटकात घातली असती तर अतिरंजित म्हणून कापली गेली असती.

1941 मध्ये विश्रांतीसाठी लीझल ऑस्ट्रियाच्या टिरोलमधल्या एअरवाल्डर आल्म या डोंगराळ कुरणावर गेली, त्सुगश्पिट्सं शिखराच्या कुशीत. तिथे जर्मन लष्कराच्या पर्वतीय सैनिकांची तुकडी होती आणि तिच्याकडे सामान वाहणारी खेचरं. लीझलला खेचरांचा लळा लागला. ती त्यांना खाऊ घालू लागली, खरारा करू लागली, डोंगरावर घेऊन जाऊ लागली. शेवटी सैनिकांनी तिला गणवेशच दिला आणि नाव ठेवलं गुस्ताव्ह. पन्नाशीला टेकलेली ही बाई 1943 पर्यंत, मधल्या खंडांसह, तिथे खेचरवाला गुस्ताव्ह म्हणून राहिली. तिला बढतीही मिळाली, ओबरगेफ्रायटर म्हणजे साध्या शिपायाहून वरचा हुद्दा. कागदोपत्री हे नियमात बसणारं नव्हतंच, तुकडीने आपापसात चालवून घेतलं.

हा प्रसंग सांगताना लोक फार गोडगोड होतात. ते लष्कर कोणाचं होतं आणि युरोपभर काय करत होतं हे विसरून चालणार नाही. पण तिच्या बाजूने पाहिलं तर एक गोष्ट कळते. मंचावर तीस वर्षं तिने दुसऱ्यासाठी पुरुषाची सोंगं काढली. इथे पहिल्यांदा एक सोंग तिने स्वतःसाठी घेतलं. खेचर संवाद विसरत नाही, त्याला पुढचं वाक्य सुचवावं लागत नाही. वेळेवर चारा-पाणी दिलं की ते चालतं.

ब्रांडल आई

युद्ध संपलं तेव्हा म्युनिकचा बराच भाग ढिगाऱ्यात होता. फालेंटीन शहराबाहेर प्लानेगला राहत होता, विस्मरणात आणि तंगीत. रेडिओने त्याला घेतलं, पण त्याचं तिरकं, काळोखं हसू श्रोत्यांना रुचेना. तक्रारी आल्या, कार्यक्रम बंद झाला. उपाशीपोटी लोकांना बहुधा ऊब देणारा विनोद हवा असतो.

1947 च्या अखेरीस दोघे पुन्हा एकदा एका मंचावर आले. फार दिवस नाही. एका प्रयोगानंतर फालेंटीन चुकून थिएटरात कोंडला गेला, थंडीत रात्र काढली आणि त्यातून उठला नाही, अशी हकीकत सांगतात. 9 फेब्रुवारी 1948 ला, ऐन कार्निवलच्या सोमवारी, तो न्यूमोनियाने गेला.

यानंतर लीझल बारा वर्षं जगली आणि 'साथीदार' या शब्दाला खरं उत्तर याच बारा वर्षांत आहे. बव्हेरियन रेडिओवरच्या 'ब्रांडल कुटुंब' या मालिकेत ती आई झाली. घरखर्च, मुलं, शेजारी, महागाई. श्रोत्यांना ती आपल्याच स्वयंपाकघरात बोलतेय असं वाटे. चेहरा नाही, मिशी नाही, पोट बांधणं नाही. फक्त आवाज. सोंगाच्या आड वर्षानुवर्षं झाकलेला तो आवाज घराघरात पोचला. सोबत नाटकं होती, चित्रपटांतल्या छोट्या-मोठ्या भूमिका होत्या. लोकप्रियतेत ती आता कुणाची सावली राहिली नव्हती.

3 नोव्हेंबर 1956 रोजी जर्मन टीव्हीवर पहिलीवहिली जाहिरात लागली. पर्सिल या धुण्याच्या पावडरीची. उपाहारगृहातलं टेबल, पांढराशुभ्र टेबलक्लॉथ, त्यावर पडलेला डाग आणि मग खटका. समोर होता बेप्पो ब्रेम हा बव्हेरियन नट आणि त्याला फैलावर घेणारी लीझल कार्लश्टाट. मिनिटभराचा खेळ. घोळ घालणारा पुरुष आणि जग ताळ्यावर आणू पाहणारी बाई. काम जुनंच होतं, पण या वेळी शेवटचा शब्द तिचा.

27 जुलै 1960 रोजी गार्मिश-पार्टनकिर्शन इथे, आवडत्या डोंगरांजवळ, मेंदूतल्या झटक्याने ती गेली. वय सदुसष्ट.

म्युनिकच्या इझार वेशीत फालेंटीनच्या नावाचं संग्रहालय 1959 पासून आहे. त्याच्या वेळा 11 वाजून 1 मिनिटाला उघडणं आणि 5 वाजून 29 मिनिटांनी बंद होणं अशा असत, आणि नव्व्याण्णव वर्षांच्या माणसाला आईवडिलांसोबत आल्यास प्रवेश फुकट असे. पुढे त्याचं नाव बदलून 'फालेंटीन-कार्लश्टाट' केलं गेलं. तिथून थोडं चालत गेलं की फिक्टुआलियनमार्क्ट, भाजी-फुलांचा जुना बाजार. तिथे 1953 पासून फालेंटीनच्या पुतळ्याचं कारंजं होतं. तिच्या मृत्यूच्या पुढच्याच वर्षी, 1961 मध्ये, तिचंही उभं राहिलं. वेगळं, स्वतःचं. बाजारातलं कोणीतरी दोघांच्याही हातात ताजी फुलं खोवून ठेवतं.